परदेशात बेपत्ता झालेल्या व्यक्तीचा शोध

परदेश प्रवासात एखादी व्यक्ती बेपत्ता झाली, तर शोधाचा मुख्य अधिकार त्या देशाच्या पोलिसांकडे असतो. भारतीय दूतावास स्वतः तपास करत नाही. 1963 च्या व्हिएन्ना करारानुसार तो आपल्या नागरिकांना साहाय्य करतो, म्हणजे स्थानिक पोलीस, रुग्णालये व तुरुंगांकडे चौकशी करतो. कुटुंबाला परराष्ट्र मंत्रालयाच्या ‘मदद’ या संकेतस्थळावरही तक्रार नोंदवता येते. पासपोर्टची प्रत, अलीकडचे छायाचित्र, शेवटचा संपर्क आणि मुक्कामाचा पत्ता ही माहिती लगेच द्यावी लागते. बँकेचे व्यवहार आणि मोबाइलच्या नोंदी मात्र सहसा पोलिसांमार्फतच मिळतात.

शोध अनेक देशांत पसरला, तर इंटरपोलची ‘यलो नोटीस’ काढता येते. तिची मागणी कुटुंब थेट करू शकत नाही. भारतातून ती सीबीआयमार्फत जाते. अनोळखी मृतदेहांसाठी ‘ब्लॅक नोटीस’ असते. 2021 पासून इंटरपोलच्या ‘आय-फॅमिलिया’ यंत्रणेत नातेवाइकांच्या डीएनएशी अशा अवशेषांची तुलना होते.

सात वर्षे कोणतीही खबर नसल्यास भारतीय कायदा मृत्यू गृहीत धरू शकतो. तोपर्यंत विमा, वारसा व बँकखात्यांचे प्रश्न बहुधा अडकून राहतात.