आयटीतली नोकरी टिकते कशावर? फक्त पगारावर नाही!

नवेगाव बांधसारख्या गावातून इंजिनिअर झालेल्या मुला-मुलींसाठी आयटीतली नोकरी म्हणजे बहुधा पुणे, हैदराबाद किंवा बंगळुरू. तिथे टिकायचे की नोकरी बदलायची? आकडे काय सांगतात, पाहा.

अ‍ॅट्रिशन म्हणजे काय?
वर्षभरात स्वतःहून नोकरी सोडणाऱ्यांचे एकूण कर्मचाऱ्यांशी असलेले प्रमाण. इन्फोसिसमध्ये जून २०२२ च्या तिमाहीत ते २८.४ टक्के होते, मार्च २०२४ च्या तिमाहीत १२.६ टक्क्यांवर आले. टीसीएसमध्येही सप्टेंबर २०२२ मधील २१.५ टक्क्यांवरून ते मार्च २०२४ पर्यंत १२.५ टक्क्यांवर उतरले.

मग लोक खूश झाले का?
तसे म्हणता येत नाही. कोरोनाकाळात मागणी वाढली, कंपनी बदलली की घसघशीत पगारवाढ मिळे. पुढे मागणी थंडावली, ऑफर आटल्या. नाइलाजाने थांबणे वेगळे आणि रमणे वेगळे.

रमवते काय?
• काम : नवे शिकवणारा प्रोजेक्ट. वर्षानुवर्षे जुन्याच सिस्टिमची देखभाल केली, तर बाजारातली किंमत घटते.
• मॅनेजर : सुट्टी मागताना भीती वाटू नये, कामाचे श्रेय मिळावे.
• अंतर : नागपूरच्या मिहानमध्ये टीसीएस, एचसीएल, इन्फोसिस आहेत. तिथून शनिवार-रविवारी घरी येता येते. पुण्याहून महाराष्ट्र एक्स्प्रेसने गोंदिया गाठण्यातच जवळपास अख्खा दिवस जातो.

ऑफर आली तर?
पॅकेजबरोबर पोस्टिंग आणि प्रोजेक्टही विचारा. ‘नंतर नागपूरला बदली देऊ’ असे तोंडी आश्वासन मिळाले, तर ते मेलवर मागून घ्या.