नालंदा येथील निवासव्यवस्था व ग्रंथलेखन

नालंदा महाविहाराच्या विद्यावैभवाचें वर्णन पुष्कळांनीं केलें आहे. परंतु तेथें विद्यार्थी राहत कसे, त्यांच्या निर्वाहाचा खर्च कोठून चाले आणि त्या व्यवस्थेचा ग्रंथलेखनाशीं काय संबंध होता, इकडे फारसें लक्ष दिलें जात नाहीं. पोथ्यांच्या संग्राहकांस हा विषय जवळचा असल्यामुळें त्याचा येथें थोडक्यांत विचार करूं.

पहिलें साधन चिनी यात्रिक इत्सिंग याचा वृत्तांत होय. सातव्या शतकाच्या उत्तरार्धांत तो सुमारें १० वर्षें नालंदेस राहिला. त्याच्या काळीं तेथें ८ दालनें व ३०० खोल्या असून ३,००० हून अधिक भिक्षु राहत. वर्षावासापूर्वीं संघ दरवर्षीं खोल्यांची नव्यानें वांटणी करी. उत्तम खोल्या स्थविरांस व पुढें क्रमाक्रमानें इतरांस. यामुळें खोलीविषयींचें ममत्व सुटतें आणि तिची निगाहि नीट राहते, असें कारण तो देतो. प्रातःकाळीं घंटा होतांच भिक्षु जवळच्या तलावांवर स्नानास निघत.

विहारांत राहणारे सर्वच भिक्षु नसत. हिंदुस्थानांतील विहारांविषयीं सामान्यतः लिहितांना इत्सिंग दोन वर्ग सांगतो: पुढें प्रव्रज्या घेण्याच्या हेतूनें शिकणारे ते माणव, व केवळ लौकिक विद्येसाठीं आलेले ते ब्रह्मचारी. या दोघांनीं स्वतःच्या खर्चानें राहावयाचें. संघाच्या कायम मिळकतींतून त्यांस अन्न मिळे तें संघाचें कष्टाचें काम केलें असेल तरच. तेव्हां प्राचीन विहारांत सर्वांस सर्व कांहीं विनामूल्य मिळे, ही समजूत सरसकट खरी नव्हे.

दुसरें साधन प्रस्तुत विषयास अधिक महत्त्वाचें आहे. १९२१ सालीं पहिल्या क्रमांकाच्या विहाराच्या उत्खननांत हीरानंद शास्त्री यांस पालराजा देवपाल याचा ताम्रपट मिळाला. त्याचा राज्यवर्षांक कोणी ३५ तर कोणी ३९ वाचतात. काल नवव्या शतकाचा. सुवर्णद्वीपाचा राजा बालपुत्रदेव यानें नालंदेस विहार बांधविला, व त्याच्या विनंतीवरून देवपालानें त्यास ५ गांवें दिलीं. दानाचे उद्देश ताम्रपटांत एकामागून एक सांगितले आहेत: पूजा, भिक्षूंचें चीवर, पिंडपात, शयनासन, आजाऱ्यांचें औषध, धर्मग्रंथांचें लेखन आणि विहाराच्या मोडतोडीची दुरुस्ती. म्हणजे अंथरूण, औषध, पोथी व भिंत यांचा खर्च एकाच उत्पन्नावर चाले.

नालंदेस लिहिलेल्या अष्टसाहस्रिका प्रज्ञापारमितेच्या ताडपत्री पोथ्या आजहि विद्यमान आहेत. महीपालाच्या ६ व्या वर्षाची कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटींत, व रामपालाच्या १५ व्या वर्षाची ऑक्सफर्डच्या बोडलियन ग्रंथालयांत. त्या वरील दानांतूनच झाल्या असें आमचें म्हणणें नाहीं. परंतु लेखकास निवारा व अन्न, आणि पोथीस कोरडी जागा देणारी व्यवस्था कोणत्या प्रकारची होती, हें ताम्रपटावरून कळतें.

यांतून संग्राहकांनीं घेण्यासारखा बोध एकच आहे. आपल्याकडील जुन्या मठांच्या व वेदशाळांच्या दप्तरांतहि शिधा, दिव्याचें तेल, कागद-शाई, छपराची दुरुस्ती अशा खर्चाचे कागद आढळतात. पोथी उचलून हे कागद रद्दींत टाकले, तर ती कोणाच्या आश्रयानें लिहिली गेली हें सांगणारा साक्षीदारच नाहींसा होतो. याकरितां पोथी ज्या दप्तरांतून मिळाली, त्यांतील जमाखर्चहि तिच्याबरोबर जतन करावा.