गर्दीतला एकांत: बाळापूर, बगदाद आणि आनंदाची किमया

मागच्या भागानंतर बऱ्याच जणांनी एकच गोष्ट विचारली. नमाज, रोजा, जिक्र यानं माणूस खरंच खुश होतो का? आज त्यावरच बोलू.

इस्लामी परंपरेत या विषयावरचं गाजलेलं पुस्तक म्हणजे इमाम गझालींचं ‘किमिया-ए-सआदत’. मूळ फारसीत, अर्थ ‘सौख्याची किमया’. गझाली बगदादच्या निजामिया मदरशात शिकवायचे. तेव्हाच्या जगातली टॉपची पोस्ट म्हणा ना! पैसा, मान, शेकडो विद्यार्थी. आणि १०९५ साली शिकवायला बसले की जीभच हलेना. जेवण जाईना. हकिमांनी सांगितलं, दुखणं मनाचं आहे. आज आपण याला बर्नआउट म्हणून मोकळे होऊ. त्यांचं स्वतःचं निदान जास्त कडक होतं: आपण शिकवतोय ते देवासाठी नाही, नावासाठी. शेवटी नोकरी सोडून ते बगदादबाहेर पडले.

‘किमिया’तली एक उपमा मला फार आवडते. माणूस म्हणजे एक शहर. दिल राजा, अक्कल वजीर, हाव म्हणजे वसुलीवाला आणि राग म्हणजे कोतवाल. वसुलीवाल्याला काढून टाकायचं नाही, पोट त्याच्यामुळंच भरतं. कोतवालही हवाच. पण राजानं वजिराचं ऐकणं सोडलं की हे दोघं शहर लुटतात. आता बघा, फोनमधली निम्मी ॲप्स थेट वसुलीवाल्याशीच बोलतात. याच धंद्यात आहे म्हणून सांगतो, नोटिफिकेशन किती वाजता पाठवायचं यावर मिटिंगा होतात!

मनाशी चालणारी ही लढाई मराठीतही आहे. श्रीगोंद्याचे शेख महंमद हे कादरी परंपरेतले. १६४५ साली पूर्ण झालेल्या ‘योगसंग्राम’ ग्रंथात त्यांनी ती ओव्यांमध्ये मांडली.

आता आपल्या वऱ्हाडात या. अकोल्याहून खामगावला जाताना बाळापूर लागतं. किल्ला सगळ्यांना माहीत, पण तिथं नक्शबंदी सिलसिल्याची जुनी खानकाहही आहे. नक्शबंदींचा जिक्र आवाज न करता, मनातल्या मनात चालतो. त्यांचं एक सूत्र आहे ‘खल्वत दर अंजुमन’, म्हणजे गर्दीत एकांत. जंगलात जायची गरज नाही. गल्ल्यावर बसा, शेतात राबा. हात कामात, दिल अल्लाहच्या आठवणीत. दुसरं सूत्र ‘होश दर दम’: एकही श्वास बेसावध जाऊ द्यायचा नाही. म्हणजे खुशी कधी येईल याची वाट बघण्यापेक्षा लक्ष कुठं आहे ते सांभाळायचं. अकोला-अमरावती अप-डाऊन करणाऱ्यालाही जमेल असं आहे हे.

एक मात्र स्पष्ट सांगतो. सब्र म्हणजे ‘सोस अन् गप्प बस’ असा अर्थ कोणी लावला, तर ऐकू नका. कापसाला भाव नाही, डोक्यावर कर्ज आहे, अशा माणसाला नुसता जिक्र शिकवून भागत नाही. झोप उडाली, जगावंसं वाटेना, तर आधी डॉक्टर. यात धर्माविरुद्ध काही नाही बरं. अबू झैद अल-बल्खी या विद्वानानं दहाव्या शतकातच शरीर आणि मन दोन्हींच्या दुखण्यांवर एकत्र ग्रंथ लिहिला होता.

आणि गझालींचं पुढं काय झालं म्हणाल, तर दहा-अकरा वर्षांनी, ११०६ मध्ये, ते निशापूरच्या मदरशात परत शिकवायला लागले.