नाव सुलतानाचे, दरवाजा तरफदाराचा

दख्खनच्या पाच शाह्या मोजताना इमादशाहीचा क्रम बहुधा शेवटी लागतो, आणि पुष्कळदा ती नावापुरतीच उरते. विजापूरला गोलघुमट आहे, हैदराबादला चारमिनार, बीदरला महमूद गावानचा मदरसा, अहमदनगरला भुईकोट आणि फराहबाग. वऱ्हाडने मागे काय ठेवले, असे विचारले तर उत्तर चाचरतच येते. त्यावरून निष्कर्षही सहज निघतो: राज्य छोटे, राजे दुबळे, चौऱ्याऐंशी वर्षांत आटोपलेला कारभार. हा निष्कर्ष घाईचा आहे असे मला वाटते. चूक पुरावा शोधण्याच्या जागेत आहे. आपण राजधानी शोधतो, राजवाडा शोधतो, मकबरा शोधतो. आणि वऱ्हाडची सत्ता घडली ती मेळघाटच्या कड्यावरच्या दोन किल्ल्यांत, गाविलगड आणि नरनाळ्यात. तिथले दरवाजे तारखांसह वाचले तर एक सुभेदार राजा कसा झाला, याचा बखरकारांच्या इतिहासापेक्षा नेमका हिशेब हाती लागतो.

वऱ्हाडकडे दिल्लीची नजर वळली ती १२९६ साली. देवगिरीवर चालून जाताना अलाउद्दीन खलजी एलिचपुरावरून, म्हणजे आजच्या अचलपुरावरून गेला, आणि यादवांशी झालेल्या तहात याच भागाचा वसूल त्याने मागून घेतला. १३४७ मध्ये बहमनी राज्य उभे राहिल्यावर मुलखाचे चार तरफ पडले: गुलबर्गा, दौलताबाद, बीदर आणि वऱ्हाड. तरफदाराच्या हाती महसूल, फौज आणि किल्ले अशी तिन्ही सूत्रे असत. तरफदार म्हणजे नावाखेरीज सगळ्या बाबतींत राजाच. वऱ्हाडच्या बाबतीत हे जास्तच खरे होते, कारण हा तरफ उत्तरेच्या तोंडावर. वर माळवा, पश्चिमेला खानदेश, पूर्वेला गोंडवन, मधे खेरल्यासारखी कायमची भांडणाची जागा. म्हणूनच १४२५ च्या सुमारास अहमदशहा वली बहमनी स्वतः वर्षभर एलिचपुरात तळ देऊन राहिला, गाविलगड बांधवला आणि नरनाळ्याची डागडुजी केली, असे इतिहासकार फिरिश्ता सांगतो. सुलतानाला वर्षभर इथे येऊन बसावे लागले, यातच या सरहद्दीची किंमत कळते. सरहद्दीवरच्या माणसाला जास्त फौज द्यावी लागते, आणि जास्त फौज असलेला माणूस राजधानीचे कमी ऐकतो. बहमनी राज्याला हा पेच शेवटपर्यंत सुटला नाही.

तो सोडवण्याचा एकच गंभीर प्रयत्न झाला, महमूद गावानचा. १४७० नंतरच्या दशकात त्याने चार तरफांचे आठ केले. वऱ्हाडचे दोन तुकडे पडले, गाविल आणि माहूर. प्रत्येक तरफातली काही जमीन थेट सुलतानाच्या खालशात घेतली, मोजणी सुरू केली, आणि सरदाराने ठरलेल्यापेक्षा कमी शिपाई ठेवले तर तेवढ्या पगाराची रक्कम परत वसूल करण्याचा नियम घातला. पण सगळ्यात झोंबणारी तरतूद किल्ल्यांची होती. तरफदाराच्या ताब्यात एकच किल्ला राहील. बाकीच्या किल्ल्यांवरचे किल्लेदार केंद्रातून नेमले जातील आणि पगारही केंद्राकडूनच घेतील. ज्यांच्या पायाखालची वाळू यामुळे सरकली, त्यांनी खोट्या पत्राचा डाव रचला आणि ५ एप्रिल १४८१ रोजी गावानचे डोके उडाले. त्यानंतर वऱ्हाडचे दोन्ही तरफदार, गाविलचा फतहउल्ला इमादुल्मुल्क आणि माहूरचा खुदावंदखान हबशी, सुलतानाच्या छावणीपासून दूर तळ देऊन राहिले आणि दरबारात जायला तयार होईनात. ज्या दरबारात गावानची ही गत झाली तिथे आमची काय कथा, हा त्यांचा हिशेब चुकीचा म्हणता येत नाही.

आता किल्ल्यांकडे येऊ. अकोट तालुक्यात शहानूर गावावरून नरनाळा चढताना दरवाज्यांमागून दरवाजे लागतात, आणि त्यांत महाकाली दरवाजा एकदम वेगळा पडतो. भोवतीचा तट काळ्या बसाल्टचा, हा दरवाजा मात्र फिकट वालुकाश्माचा. टोकदार कमानीभोवती कमळे, वर नक्षीदार कांगणी, बाजूंना दगडी जाळीचे सज्जे, आणि माथ्यावर पट्टीपट्टीने कोरलेला अरबी लेख. लढाईच्या कामाला जाळीचा सज्जा लागत नाही. हा दरवाजा पाहणाऱ्यासाठी आहे. त्याचा काळ १४८६–८७, आणि लेखात राज्य आहे ते शहाबुद्दीन महमूदशहा बहमनीचे. त्याच सुमारास, १४८८ मध्ये, चिखलदऱ्याजवळच्या गाविलगडाचा दिल्ली दरवाजा फतहउल्लाच्या नावानिशी उभा राहतो. म्हणजे गावानच्या मृत्यूला जेमतेम सात वर्षे होत होती, आणि ज्या तरफदाराकडे एकच किल्ला असायचा त्याच्या अमलात दोन्ही प्रमुख डोंगरी किल्ल्यांवर मोठी, खर्चिक, मिरवण्याजोगी कामे चालू होती. गावानचा नियम मोडल्याचा कागद दप्तरात सापडणार नाही. तो या दोन दरवाज्यांत सापडतो.

यावर पहिला आक्षेप उघड आहे. लेखात सुलतानाचेच नाव असेल तर ही निष्ठा झाली, बंड कसे? पण त्या सुलतानाची अवस्था काय होती ते पाहायला हवे. महमूदशहा १४८२ मध्ये गादीवर आला तेव्हा तो बारा वर्षांचा पोर होता. त्याचा कारभारी १४८६ मध्ये बीदरमध्येच मारला गेला. आणि नरनाळ्याचा दरवाजा होत होता त्या सुमारालाच, १४८७ मध्ये, बीदरच्या राजवाड्यात घुसून सुलतानालाच संपवण्याचा कट झाला. अशा राजाचे नाव कोरायला कवडीही पडत नव्हती, आणि त्या नावाच्या आडोशाने किल्ला मजबूत करायला कोणी हरकतही घेऊ शकत नव्हते. पुढे १४९० मध्ये फतहउल्ला, अहमद निजामुल्मुल्क आणि यूसुफ आदिलखान स्वतंत्र झाले असे आपण शाळेत शिकतो. फतहउल्लाच्या बाबतीत काही इतिहासकार १४८४ हे साल धरतात. सालांचा हा घोळ इतिहासकारांच्या गफलतीमुळे झालेला नाही. जी गोष्ट एका दिवशी घडलीच नाही, तिला एक साल चिकटवण्याच्या आग्रहामुळे झालेला आहे. बीदरचे बहमनी नाव तर बरिद वजिरांनी त्यानंतरही कित्येक वर्षे बाहुल्यासारखे नाचवले.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. माळव्याच्या खलजींनी १४६० नंतर बहमनी मुलखात थेट बीदरपर्यंत धडक मारली होती, खेरला गिळला होता. मग वऱ्हाडच्या सरदाराने किल्ले दुरुस्त करणे हे साधे कर्तव्य नव्हते काय? होतेच. परंतु कर्तव्य आणि महत्त्वाकांक्षा एकाच दगडात बसू शकतात. तटाची भगदाडे बुजवणे हे शत्रूसाठी. कमळे आणि जाळ्या कोरणे हे खालून वर येणाऱ्या देशमुखासाठी, सरदारासाठी, वकिलासाठी. सरहद्दीची गरज ही परवानगी ठरली, आणि त्या परवानगीचा पुरेपूर फायदा घेतला गेला.

गाविलगडाच्या दरवाज्यावर गंडभेरुंड आहे: दोन डोक्यांचा पक्षी, पंजांत हत्ती. त्यावरून एक गोड कथा प्रचलित आहे. फतहउल्ला हा मूळचा विजयनगरच्या मुलखातला ब्राह्मण मुलगा, लढाईत पकडला गेलेला, वऱ्हाडच्या खानजहानाने वाढवलेला. हे फिरिश्त्यात आहे. तेव्हा त्याने दगडात आपले जुने घर कोरून ठेवले, असे म्हणतात. कथा सोडवत नाही, पण पुराव्याला टिकत नाही. विजयनगरच्या अच्युतरायाने गंडभेरुंड नाण्यांवर आणला तो १५२९ नंतर, म्हणजे या दरवाज्याच्या चाळीस वर्षांनी. उलट कर्नाटकात बळ्ळिगावीचा गंडभेरुंड स्तंभ १०४७ चा, चालुक्यांच्या काळातला. शिवाय शरभ, सिंह, हत्ती यांची अशीच झुंज दख्खनच्या कितीतरी किल्ल्यांवर दिसते, मग किल्लेदार कोणत्या धर्माचा का असेना. हे साऱ्या दख्खनचे सत्तेचे चिन्ह होते आणि ज्याच्या हाती किल्ला तो ते वापरी. फतहउल्लाला ते वापरावेसे वाटले यात त्याच्या लहानपणापेक्षा त्याच्या वर्तमानाची बातमी जास्त आहे: हत्तीला पंजात धरणारा पक्षी सरदार आपल्या वेशीवर लावतो, तेव्हा तो कोणाचा नोकर राहिलेला नसतो.

मग राजधानी का सजली नाही? गरिबी हे उत्तर पटत नाही. पूर्णेच्या खोऱ्यातली काळी माती, ज्वारी आणि कापूस यांच्या जोरावर वऱ्हाड नेहमीच मोठ्या वसुलाचा मुलूख राहिला. एरवी अहमदनगरपासून दिल्लीपर्यंत सगळ्यांनी त्याच्यासाठी एवढे रक्त सांडले नसते. अचलपूरजवळ हौज कटोरा आहे. तळ्याच्या मध्यभागी अष्टकोनी मनोरा, बहमनी घडणीचा. मूळ पाच मजल्यांपैकी वरचे दोन पुढे नवाबांनी साहित्यासाठी उतरवून नेले. म्हणजे नगराला देखणे करण्याची कला आणि पैसा दोन्ही इथे होते. फरक राज्याच्या घडणीत होता. इमादशाही घराणे डोंगरावरच्या किल्ल्यात उगवले आणि तिथेच त्याचा जीव राहिला. खालची सत्ता अमीर-सरदारांत वाटलेली. त्या अमिरांची बांधकामे त्यांच्या त्यांच्या कसब्यांत दिसतात. निजामशाही आल्यानंतरही तेच चालले. बुलढाण्याकडे साखरखेर्डा (एकेकाळचे फतेहखेर्डा) आणि रोहिणखेड इथल्या १५८१–८२ च्या सुबक मशिदी खुदावंदखान महदवी या सरदाराच्या. राजाच्या नव्हे. वऱ्हाडची वास्तुकला विखुरलेली आहे, कारण वऱ्हाडची सत्ता विखुरलेली होती. विजापूरच्या मापाने तिला कमी ठरवणे म्हणजे कापसाला उसाचा भाव विचारणे.

राज्याचा शेवटही याच दोन किल्ल्यांत झाला. १५६२ नंतर बुरहान इमादशहा नावाचा राजा, आणि खरा मालक तुफालखान. त्याने बुरहानला नरनाळ्यातच कोंडून ठेवले होते. १५६५ मध्ये बाकीच्या शाह्या विजयनगरवर एकत्र गेल्या तेव्हा वऱ्हाड बाजूलाच राहिले, आणि ही अलिप्तता नंतर कामाला आली नाही. मुर्तझा निजामशहाची फौज आली तेव्हा तुफालखान नरनाळ्यात शिरला, त्याचा मुलगा शमशेरुल्मुल्क गाविलगडात. १५७४ मध्ये दोन्ही किल्ले पडले आणि राज्य संपले. तिसरी कुठलीच जागा उरली नव्हती. एका माणसाकडे दोन किल्ले असू नयेत, हे गावानचे म्हणणे आता उलट बाजूने खरे ठरले. आणि नव्या धन्याच्या माणसानेही लगेच आपली सही ठोकली: गाविलगडाच्या बहराम बुरुजावर मुर्तझाच्या किल्लेदाराचे, बहरामचे नाव आहे, साल १५७७.

एवढ्या उलथापालथीत जे हलले नाही ते मात्र दगडात नाही. १५९६ मध्ये चांदबीबीने वऱ्हाड अकबराला दिले, आणि ‘आईने अकबरी’त या सुभ्याची नोंद झाली. अबुल फजल आपल्या वाचकाला समजावून सांगतो की इथे चौधरीला देशमुख म्हणतात, कानूनगोला देशपांडे, मुकद्दमाला पाटील आणि पटवाऱ्याला कुलकर्णी. दोनशेहून अधिक वर्षे सुलतान आणि तरफदार बदलले, पण वसूल मोजणारे हात तेच. या हातांचे वजन किती, हे पाथरीवरून कळते. निजामशाही घराण्याचा मूळ पुरुष पाथरीच्या कुलकर्ण्यांपैकी. म्हणून बुरहान निजामशहाने बदल्यात दुसरा मुलूख देऊ करून इमादशहाकडे पाथरी मागितली, नकार मिळाला, आणि १५१८ मध्ये ती जबरीने घेतली. मूळ ब्राह्मण वंशाची दोन मुसलमान घराणी एका कुलकर्णी वतनाच्या गावासाठी लढली, हे आजच्या सोप्या चौकटीत बसत नाही. त्या काळात कोणाला नवल वाटले नसावे.

मुघलांनी किल्ल्यांची नावे ठेवली आणि त्यांतला जीव काढून घेतला. आईनमध्ये अचलपूर येते ते गाविल सरकारातला महाल म्हणून, आणि बाळापूर नरनाळा सरकारात. शहरे अजून किल्ल्यांच्या नावावर मोजली जात होती, आणि ढोबळमानाने आजचे अमरावती व अकोला जिल्हे त्याच दोन सरकारांच्या जागी आहेत. पण कारभार कड्यावरून खाली उतरला होता. शाहजादा मुरादने बाळापूरजवळ सपाटीवर शहापूर वसवले. शंभर वर्षांनी अकोला ही औरंगजेबाचा वजीर असदखान याची जहागीर होती, आणि १६९७ च्या सुमारास तिथे तट उठला तो बादशहाच्या नावाने नव्हे. बांधकाम ख्वाजा अब्दुल लतीफने पाहिले, किल्ल्याला नाव पडले असदगड. फतहउल्लापेक्षा फरक एवढाच की असदखानाच्या मागे दिल्लीची सबळ गादी होती, आणि त्याला राजा होण्याची ना गरज होती ना संधी.