लेख वाटून वेबसाइट चालते का?

भाईंदर पूर्वेच्या इंडस्ट्रियल इस्टेटींमध्ये स्टीलच्या भांड्यांचे शेकडो गाळे आहेत. त्यातल्या कोणत्याही मालकाला विचारा, महिन्याला एखादा तरी फोन साइटचा गूगलमधला नंबर वर आणून देणाऱ्या 'एसईओ'वाल्याचा असतोच. बोली ठरलेली: वीस लेख लिहून देतो, शंभर साइटवर वाटतो, हजार बॅकलिंक (दुसऱ्या साइटवरून तुमच्याकडे येणाऱ्या लिंका) मिळतील, तीन महिन्यांत गूगलच्या पहिल्या पानावर. मीरा रोडचा दंतवैद्य, काशिमिऱ्याचा टूरवाला आणि उत्तनचा रिसॉर्टवाला यांनाही हेच ऐकवले जाते. यातले काही सरळ खोटे आहे आणि काही पंधरा वर्षांपूर्वी खरे होते. फसगत होते ती बहुतेक या दुसऱ्या प्रकारामुळे.

'जितक्या जास्त लिंका, तितका वरचा नंबर' ही समजूत हवेतून आलेली नाही. 1998 मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन यांनी मांडलेल्या पेजरँक या गूगलच्या मूळ क्रमवारी पद्धतीचा पायाच तो होता. कुणी तुमच्या पानाची लिंक दिली, तर त्याने तुमच्या बाजूने मत दिले. आणि मत देणारा वजनदार, तर मतही वजनदार. आता मतांना किंमत आली म्हटल्यावर बोगस मतदान होणारच. ईझिनआर्टिकल्ससारख्या लेखांच्या डिरेक्टऱ्या फोफावल्या. तिथे कुणीही लेख द्यावा आणि तळाशी लेखकाच्या चौकटीत आपल्या साइटची लिंक लावावी. एकाच लेखातले शब्द सॉफ्टवेअरने फिरवून त्याचे पन्नास लेख करण्याचा धंदाही निघाला.

फेब्रुवारी 2011 मध्ये गूगलने 'पांडा' नावाचा बदल आणला. गूगलच्याच सांगण्यानुसार अमेरिकेतल्या सुमारे 12 टक्के शोधांचे निकाल त्याने बदलले. लेखांच्या डिरेक्टऱ्या आणि घाऊक मजकुराचे कारखाने एका झटक्यात खाली गेले. एप्रिल 2012 मध्ये 'पेंग्विन' आला, तो बनावट लिंकांच्या मागावर. 2016 पासून पेंग्विन मुख्य यंत्रणेतच सामावला गेला आणि अशा लिंका बहुतेक वेळा नुसत्या मोजायच्या सोडल्या जातात. म्हणजे हजार बॅकलिंकांचे पैसे देणाऱ्याचे सहसा नुकसान होते ते एवढेच, की पैसे जातात आणि काहीही होत नाही. प्रकरण फार उघडउघड असेल तर गूगलची माणसे स्वतः कारवाई करतात. मग साइट खाली ढकलली जाते किंवा निकालांतून पार काढली जाते. पैसे देऊन लिंक घ्यायलाच बंदी आहे, असे मात्र नाही. जाहिरात म्हणून घेतलेली लिंक 'प्रायोजित' अशी खूण लावून द्यावी, एवढीच अट आहे. अर्थात ती खूण लागली की नंबर वर जायला तिचा फायदा उरत नाही, म्हणून विकणारा तिच्याबद्दल बोलत नाही.

विकिपीडियावर आपली लिंक घुसवली की काम झाले, असे मानणारेही भेटतात. तिथल्या बाहेरच्या लिंकांवर 'हिला मत समजू नका' अशी तांत्रिक खूण आपोआप लागते, मराठी विकिपीडियावरही. स्वयंसेवक संपादक ती लिंक उडवतात ते वेगळेच.

'दोन ठिकाणी तोच लेख दिसला की गूगल दंड करते' ही भीतीसुद्धा बिनबुडाची आहे. सारख्या पानांपैकी गूगल एक निवडते आणि तेच दाखवते. गोम अशी की निवडलेले पान तुमचे असेलच असे नाही. तुमचा लेख एखाद्या मोठ्या पोर्टलने जसाच्या तसा छापला, तर निकालात पोर्टल दिसेल आणि तुम्ही मागे पडाल. म्हणून लेख आधी आपल्या साइटवर द्यावा. दुसऱ्याला तोच द्यायचा असेल तर त्याने आपली प्रत शोधातून वगळावी अशी अट घालावी. ते जमत नसेल तर त्याच्यासाठी वेगळा लिहावा.

शब्दसंख्येचे खूळ तर दोन वाक्यांत निकालात निघते. किमान इतके शब्द हवेत असा कोणताही नियम नाही, हे गूगलच्या स्वतःच्या मार्गदर्शिकेतच लिहिलेले आहे. बाराशे शब्दांचा दर लावणाऱ्याला ती समजूत सोयीची आहे, एवढेच.

एआयने लिहिलेला लेख चालतो की नाही? लेख कुणी लिहिला यावर गूगलची बंदी नाही. मार्च 2024 मध्ये त्यांनी नियम केला तो घाऊक मजकुराविरुद्ध: वाचकाच्या उपयोगाचे काही नसलेली ढीगभर पाने केवळ नंबरासाठी काढली, तर ती यंत्राने लिहिलेली असोत की माणसाने, ती स्पॅमच. वीस लेखांच्या पॅकेजमधला मजकूर एकदा वाचून पाहा, कोणता नियम लागू होतो ते आपोआप कळेल.

मग गाळेवाल्याने लिहावे काय? दुकानदार आणि गिऱ्हाइके त्याला रोज जे विचारतात, तेच. स्टीलचेच उदाहरण घ्या. भांडे चांगले की नाही हे लोहचुंबक लावून कळते, असे घरोघरी मानतात. चिकटले तर हलके, नाही चिकटले तर अस्सल 304 ग्रेडचे. वस्तुस्थिती निराळी आहे. 304 मध्ये सुमारे 18 टक्के क्रोमियम आणि 8 टक्के निकेल असते. स्वस्त 202 मध्ये निकेल 4 ते 6 टक्के आणि त्या जागी मॅंगनीज जास्त. पण चुंबक या दोघांनाही जवळजवळ चिकटत नाही, त्यामुळे चुंबकाने त्यांच्यातला फरक ओळखताच येत नाही. उलट अस्सल 304 चे सर्कल (गोल कापलेला पत्रा) प्रेसमध्ये खोल खेचून डबा केला, की थंड धातूवर पडलेल्या ताणाने तो काठाकोपऱ्याला थोडा चुंबकीय होतो. इंडक्शनवर चालणाऱ्या भांड्याच्या तळाला तर चुंबक चिकटलाच पाहिजे. बहुधा 430 ग्रेडचे स्टील वापरतात ते त्यासाठीच. ग्रेड खात्रीने ठरते ती रासायनिक तपासणीने. शिवाय स्टीलच्या भांड्यांसाठी आयएस 14756 हे भारतीय मानक आहेच.

एवढा मजकूर आपल्या गाळ्यातल्या डब्यांच्या फोटोंसह, साध्या मराठीत आणि वेगळा हिंदीत टाकला, तर तो शंभर ठिकाणी वाटावा लागत नाही. भांड्यांचा दुकानदार तो आपल्या गिऱ्हाइकाला पाठवतो, कुणी पाककृती लिहिणारी संदर्भ म्हणून त्याची लिंक देते. मागून न मिळणारे मत ते हेच. आणि हा लेख एसईओवाला लिहू शकत नाही, कारण खेचलेला डबा त्याने पाहिलेला नसतो.

मराठीत लिहिताना एक खास अडचण येते. आपल्याकडचे बरेच छापील साहित्य अजून श्री-लिपी किंवा शिवाजीसारख्या जुन्या फॉन्टांत बनते. त्यांतल्या युनिकोड नसलेल्या फॉन्टातला मजकूर कॉपी करून साइटवर चिकटवला, तर शोधयंत्राला तिथे मराठी दिसतच नाही, दिसतात ती अर्थहीन इंग्रजी अक्षरे. माहितीपत्रकाचा फोटो चढवणाऱ्यांचेही तेच. चित्रातल्या अक्षरांवर भरवसा ठेवू नये. 'मराठीत कोण शोधतो?' असे मग ऐकायला मिळते. 2011 च्या जनगणनेत मराठी मातृभाषा सांगणारे 8 कोटी 30 लाख होते. शोधणारे आहेत, मजकूर त्यांना सापडेल अशा रूपात नाही.

दंतवैद्याचा प्रश्न मुळातच वेगळा. 'जवळचा दंतवैद्य' शोधल्यावर नकाशासोबत जी यादी येते, ती गूगलच्या म्हणण्यानुसार प्रामुख्याने तीन गोष्टींवर ठरते: शोधाशी जुळणे, अंतर आणि ठळकपणा. मीरा रोड स्टेशनजवळच्या दवाखान्याला परदेशी साइटवर वाटलेले लेख काय कामाचे? गूगलवरचे व्यवसाय प्रोफाइल फुकट मिळते. त्यात पत्ता, वेळ, फोन नीट भरणे आणि पेशंटांच्या खऱ्या अभिप्रायांना उत्तर देणे हा अर्ध्या दिवसाचा उद्योग आहे.

सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लेख फिरवला की नंबर वाढतो, हेही खरे नाही. तो ग्रुप गूगलला दिसत नाही. माणसे मात्र येतात, आणि भाईंदरमधल्या धंद्याला तीच हवी असतात.

आता कायद्याची बाजू, जी पॅकेज विकणारा हमखास वगळतो. पैसे देऊन छापून आणलेला लेख बातमीच्या वेशात असला, तरी ती जाहिरातच. 202 चा डबा 304 म्हणून गौरवणारा लेख ही ग्राहक संरक्षण कायदा, 2019 नुसार दिशाभूल करणारी जाहिरात ठरू शकते. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण त्यासाठी 10 लाखांपर्यंत आणि पुन्हा केल्यास 50 लाखांपर्यंत दंड करू शकते. लेख एजन्सीने लिहिला होता, असे म्हणून उत्पादक सुटेल या भरवशावर राहू नये.

तरीही एजन्सी नेमायची असेल तर जरूर नेमा. काही प्रामाणिक आहेत. लिंकांचा आकडा मात्र मागू नका, गूगलच्या सर्च कन्सोलचा अहवाल मागा. लोक कोणते शब्द शोधून साइटवर आले, ते त्यात दिसते आणि ते साधन फुकट आहे. त्याची नोंदणी आणि डोमेनची मालकी दोन्ही स्वतःच्या ईमेलवर ठेवा. एजन्सीशी बिनसले की पहिला वाद पासवर्डवरून होतो.