आधीं पुस्तक, मग चित्रपट

आवडत्या पुस्तकावर चित्रपट निघणार असें कळतांच विद्यार्थ्यांस हर्ष होतो. परंतु चित्रपटापूर्वीं तें पुस्तक अवश्य वाचावें. याचें कारण पाहूं. साने गुरुजींची 'श्यामची आई' ही ४२ रात्रींत सांगितलेली कथा. आचार्य अत्रे यांस १९५३ सालीं ती एका खेळांत बसवावयाची होती. तेव्हां कांहीं प्रसंग गाळणें भागच होतें. त्या चित्रपटास राष्ट्रपतींचें सुवर्णपदक लाभलें, तरी गाळलेली आई पुस्तकांतच भेटते. भा. रा. भागवतांचा शाळकरी फास्टर फेणे तर २०१७ सालच्या चित्रपटांत तरुण झाला! तो मूळचा फुरसुंगीचा, म्हणजे आम्हां बिबवेवाडीकरांचा शेजारीच. पडद्यावरील चेहरा एकदां मनांत ठसला कीं स्वतः कल्पिलेला फेणे उमटणें कठीण. म्हणून पालकांनीं तिकिटाआधीं मुलांच्या हातीं पुस्तक द्यावें.