जमाखर्च जाणणाऱ्या नायिका

ऐतिहासिक कादंबरी म्हटली की गड, खलिते, तलवारी आणि दरबारी डावपेच डोळ्यांपुढे येण्याची सवय मराठी वाचकाला जडलेली असल्यामुळे, जिच्यात सर्वांत मोठी मोहीम म्हणजे धाकट्या बहिणीचे लग्न जमवणे आणि सर्वांत धारदार शस्त्र म्हणजे नायिकेची जीभ, अशा कादंबरीला ऐतिहासिक कसे म्हणावे, हा प्रश्न त्याला पडणे साहजिक आहे. इंग्लंडमध्ये या प्रकाराला 'रीजन्सी रोमान्स' असे स्वतंत्र नाव आहे. राजा तिसरा जॉर्ज मनोविकारामुळे कारभारास असमर्थ ठरला, तेव्हा १८११ ते १८२० या काळात युवराजाने 'रीजंट', म्हणजे राजप्रतिनिधी, या नात्याने राज्य चालवले आणि त्या नऊ वर्षांच्या उच्चवर्गीय जीवनावर बेतलेली प्रेमकथा म्हणजे रीजन्सी रोमान्स, अशी या संज्ञेची ढोबळ व्याख्या करता येईल. हा प्रकार आज जसा ओळखला जातो तसा घडवण्याचे श्रेय जॉर्जेट हेयर या लेखिकेकडे जाते, आणि तिच्या नायिकांकडे बारकाईने पाहिले असता असे दिसते, की त्यांना घडवताना तिने चाफेकळी नाकापेक्षा घरखर्चाच्या वहीवर अधिक भरवसा ठेवला होता.

चरित्राचा तपशील थोडक्यात असा. हेयर यांचा जन्म १९०२ मध्ये लंडनजवळच्या विम्बल्डन येथे झाला. हिमोफिलियाने, म्हणजे रक्त न गोठण्याच्या विकाराने, आजारी असलेल्या धाकट्या भावाची करमणूक व्हावी म्हणून रचलेली गोष्ट 'द ब्लॅक मॉथ' या नावाने १९२१ मध्ये छापली गेली. १९२५ मध्ये रोनाल्ड रूजिए या खाण अभियंत्याशी त्यांचा विवाह झाला, त्याच वर्षी वडील गेले, पुढे काही काळ टांगानिका आणि मॅसेडोनिया येथे वास्तव्य झाले, १९३५ च्या 'रीजन्सी बक'पासून त्या राजप्रतिनिधीच्या काळात रमल्या आणि १९७४ मध्ये त्यांचे निधन झाले. 'दीज ओल्ड शेड्स' ही कादंबरी १९२६ च्या सार्वत्रिक संपाच्या धामधुमीत, जाहिरात किंवा परीक्षणाविना बाजारात येऊनही भरघोस खपली, तेव्हा प्रसिद्धीवाचून आपले काहीच अडत नाही असा निष्कर्ष त्यांनी काढला आणि मुलाखतींना आयुष्यभर नकार दिला.

लेखनाची त्यांची रीत मात्र सावकाश पाहण्याजोगी आहे. त्यांच्या संग्रही हजाराहून अधिक संदर्भग्रंथ होते आणि टिपणवह्यांमध्ये सौंदर्य, रंग, पोशाख, टोप्या, घरकाम, किमती, दुकाने अशा मथळ्यांखाली नोंदी केलेल्या होत्या. या यादीत 'किमती' हा मथळा आहे, याकडे अभ्यासकांचे जावे तितके लक्ष जात नाही. पोशाखाची वर्णने कोणतीही लेखिका चित्रांवरून करू शकते. परंतु तो पोशाख केवढ्याला पडला, तो परवडतो कोणाला आणि न परवडता कोण शिवून घेते, हे ज्ञात असले की पात्राचा स्वभाव आपोआप उलगडू लागतो. ड्यूक ऑफ वेलिंग्टन याच्या भाषेची ठेवण कळावी म्हणून हेयर यांनी त्याचे एक पत्र विकत घेतले होते, आणि वॉटर्लूच्या लढाईवरील 'ॲन इन्फेमस आर्मी' (१९३७) या कादंबरीत त्याच्या तोंडी घातलेले प्रत्येक वाक्य त्याने कोठे ना कोठे उच्चारलेले किंवा लिहिलेले आहे, असा त्यांचा दावा होता.

येथे थोडे आडवळण क्षम्य मानावे. हा वेलिंग्टन म्हणजे, ज्याने २३ सप्टेंबर १८०३ रोजी केळणा आणि जुई या नद्यांच्या बेचक्यात, आजच्या जालना जिल्ह्यातील असई येथे, शिंदे आणि भोसले यांच्या फौजांशी गाठ घातली आणि त्याआधी सुमारे दीड महिना अहमदनगरचा किल्ला घेतला, तोच आर्थर वेलस्ली होय. उतारवयातही तो असईच्या लढाईला आपल्या सर्वोत्तम कामगिरीचा मान देत असे. ज्या १८१८ मध्ये पुण्याची पेशवाई बुडाली, त्याच सुमारास हेयर यांच्या नायिका लंडनमध्ये नृत्यसमारंभाची आमंत्रणे चाळत होत्या, हे लक्षात ठेवून या कादंबऱ्या वाचल्या, तर त्यांचा रंग काहीसा बदलतो.

नायिकांचा विचार करताना तत्कालीन कायदा आधी पाहणे भाग आहे. १७५३ च्या विवाह कायद्यानुसार एकवीस वर्षांखालील मुलीला पालकाच्या संमतीशिवाय परवानापत्रावर इंग्लंडमध्ये विवाह करता येत नसे (म्हणून पळून जाणारी जोडपी स्कॉटलंडच्या हद्दीवरील ग्रेटना ग्रीन गाठत), आणि स्वतंत्र करार केलेला नसेल, तर विवाहाबरोबर स्त्रीची रोकड व जंगम मालमत्ता पतीच्या मालकीची होई. अशा समाजात पंचविशीची, स्वतःचे उत्पन्न असलेली अविवाहित स्त्री ही एक विलक्षण मोकळी व्यक्ती ठरते, कारण तिला विवाहाने मिळवण्यासारखे थोडे आणि गमावण्यासारखे पुष्कळ असते. हेयर यांनी उत्तरायुष्यात हीच स्त्री पुन्हा पुन्हा रंगवली. 'व्हेनेशिया' या कादंबरीची त्याच नावाची नायिका पंचवीस वर्षांची आहे, 'ब्लॅक शीप'मधील ॲबिगेल अठ्ठावीस, 'लेडी ऑफ क्वालिटी'मधील ॲनिस एकोणतीस. रूढ प्रेमकथेत ज्यांना मावशी किंवा आत्या म्हणून कोपऱ्यात बसवले असते, त्यांना येथे नायिकेचे आसन मिळते. नायकांची हेयर यांनी स्वतःच थट्टेने पहिला नमुना आणि दुसरा नमुना अशी वर्गवारी केली होती, पहिला रांगडा व तापट, दुसरा टापटिपीचा व थंड डोक्याचा. नायिकांना मात्र असे दोन खणांत कोंबता येत नाही, आणि तसे करणाऱ्या समीक्षकांनी ही पुस्तके घाईत वाचली असावीत.

पावणेसहा फूट उंचीची, माकड, पोपट आणि ग्रेहाउंड कुत्रा घेऊन नातलगांच्या घरी उतरणारी सोफी ('द ग्रँड सोफी', १९५०) सर्वांत लोकप्रिय खरी. पण आतेभावाला कर्जातून सोडवण्यासाठी ती एकटी सावकाराकडे जाते, त्या प्रसंगात हेयर यांनी त्या सावकाराचे जे ज्यूद्वेषी चित्र काढले आहे, ते दुसऱ्या महायुद्धानंतर पाच वर्षांनी छापले गेले हे आठवले, की सोफीच्या धाडसाचे कौतुक घशात अडकते. त्यापेक्षा 'फ्रेडरिका' (१९६५) अधिक निर्मळ आहे. चोवीस वर्षांची फ्रेडरिका आईवडिलांमागे भावंडांचा संसार ओढते आणि सुंदर बहिणीचे लग्न जमवण्याच्या नादात आपलेही लग्न होऊ शकते हे विसरून जाते. तिचा गावठी कुत्रा ग्रीन पार्कमधील गाईंच्या मागे लागतो, तेव्हा तो दुर्मीळ बलुचिस्तानी जातीचा असून एका मार्क्विसच्या मालकीचा आहे अशी थाप रखवालदारांच्या तोंडावर ठोकली जाते. त्या काळी लंडनच्या त्या बागेत गाई चरत आणि तेथेच दूध विकले जाई, ही माहिती वाचकाला हसता हसता मिळते आणि टिपणवहीचा वासही येत नाही.

तरीही हेयर यांच्या कलेची खरी कसोटी पाहायची तर 'अ सिव्हिल कॉन्ट्रॅक्ट' (१९६१) ही कादंबरी उघडावी. युद्धात जखमी होऊन लंगडणारा कप्तान ॲडम डेव्हरिल याला वडिलांच्या मृत्यूनंतर उमराव पदाबरोबर कर्जाचा डोंगर वारशाने मिळतो. त्याचे प्रेम ज्युलिया या रूपवतीवर आहे, परंतु घराणे वाचवण्यासाठी तो लंडनमधील एका गडगंज व्यापाऱ्याच्या मुलीशी, जेनी चॉलीशी, विवाह करतो. जेनी ठेंगणी, जाडसर आणि दिसण्यात सामान्य आहे. तिचे ॲडमवर आधीपासून प्रेम आहे आणि त्याचे आपल्यावर नाही, हेही तिला पक्के ठाऊक आहे. भपक्याची आवड असलेला तिचा बाप जावयाचे घर मगरीच्या पायांच्या कोचांनी भरून टाकतो, तेव्हा नवऱ्याला ते पाहून काय वाटत असेल हे ओळखणारी त्या घरात ती एकटीच असते. नवऱ्याला काय रुचते, काय खुपते, कोणता पदार्थ तो दुसऱ्यांदा वाढून घेतो, हे ती न बोलता टिपते. प्रेम व्यक्त करण्याची तिची भाषा म्हणजे गरम जेवण, वेळेवर पेटवलेली शेगडी आणि त्याला शेतीविषयी बोलू देणे. वॉटर्लूच्या वेळी पराभवाच्या अफवेने लंडनच्या बाजारात घबराट उडते आणि सासरा हातातले रोखे विकून टाकण्याचा सल्ला देतो, तेव्हा आपल्या जुन्या सेनापतीवर, म्हणजे वेलिंग्टनवर, विसंबून ॲडम सरकारी कर्जरोखे पडत्या भावात खरेदी करतो आणि त्या जुगारात स्वतःच्या पायावर उभा राहतो. आता त्याला सासऱ्याच्या पैशाची गरज उरत नाही, आणि नेमक्या याच वळणावर, एरवी जेथे नायक नायिकेच्या पायाशी कोसळला असता तेथे, हेयर त्याला फक्त इतके उमगू देतात, की ज्युलियाबरोबर स्वप्न पाहता येते आणि जेनीबरोबर नांदता येते. अनेक चाहत्यांना हा शेवट कोरडा वाटतो. जुळवून केलेल्या लग्नांच्या देशात वाढलेल्या वाचकाला तो तसा वाटण्याचे कारण नाही.

या हिशोबी दृष्टीचे मूळ लेखिकेच्या स्वतःच्या संसारात आहे. वडिलांच्या मृत्यूनंतर आई आणि भावांना हातभार लावण्याची जबाबदारी हेयर यांच्यावर आली, पतीने खाणकाम सोडून दुकान चालवले आणि मग कायद्याचा अभ्यास करून वकिली पत्करली, त्या वर्षांत घर बऱ्याच अंशी लेखणीवर चालत असे; पुढे प्राप्तिकराच्या तगाद्याने त्या इतक्या त्रासल्या, की तो भागवण्यासाठी पुस्तक हाती घ्यावे लागे. दुसऱ्या एका लेखिकेने आपली कथानके, नावे आणि शब्दप्रयोग उचलल्याचे १९५० मध्ये लक्षात आले, तेव्हा चोरीपेक्षाही त्या उचलीत झालेल्या ऐतिहासिक चुकांचा त्यांना अधिक राग आला असावा, असे त्यांच्या एकंदर शिस्तीवरून वाटते.

मात्र या काटेकोर जमाखर्चात एक रकाना कोराच राहतो. 'ब्लॅक शीप'चा नायक माइल्स कॅल्व्हर्ली याला तरुणपणी घरच्यांनी हिंदुस्थानात पिटाळलेले असते आणि चाळिशीत तो अफाट संपत्ती घेऊन परततो. अशा माणसाला इंग्लंडमध्ये 'नेबॉब' म्हणत, जो शब्द आपल्या 'नबाबा'चाच अपभ्रंश आहे. दस्तान्यांच्या जोडीची किंमत नोंदवणारी लेखिका ही संपत्ती कोणाच्या खिशातून आली हे विचारत नाही, आणि एरवी चौकस असलेली ॲबिगेलही विचारत नाही.

हिशोबाच्या बाबतीत शून्य असलेली नायिकाही हेयर यांनी एकदा रंगवली. 'फ्रायडेज चाइल्ड' (१९४४) मधील हीरो ही जेमतेम सतरा वर्षांची मुलगी लहरीपणाने झालेल्या लग्नानंतर लंडनमध्ये उधारीवर खरेदी करते, पत्त्यांच्या अड्ड्यावर हरते आणि कर्ज म्हणजे काय हे ठेचा खात शिकते. या पुस्तकाविषयी हेयर यांना रुमानियातील एका स्त्रीचे पत्र आले होते. राजकीय कैदी म्हणून बारा वर्षे तुरुंगात असताना तिने या कादंबरीची गोष्ट सोबतच्या कैदी स्त्रियांना आठवणीतून पुन्हा पुन्हा सांगितली होती आणि त्या सांगण्यावर त्या सर्वजणींनी आपले मन ताळ्यावर ठेवले होते. स्वतःच्या पुस्तकांची पत्रांतून खिल्ली उडवणाऱ्या हेयर यांनी ते पत्र जपून ठेवले.